कोठी आणि मोरीत उजेड आणायला लागलेले सहा महिने

आमचं घर आर्वी तालुक्यातल्या एका गावात, वर्धा जिल्हा. जुनं घर आहे, पुढच्या दोन खोल्या पक्क्या विटांच्या आणि मागची एक मातीच्या भिंतीची, चौदा बाय नऊ फुटांची. या मागच्या खोलीला आमच्याकडे कोठी म्हणतात पण तिच्याच एका कोपऱ्यात मोरी आहे, तिथंच वॉशिंग मशीन, तिथंच धुण्याचा दगड आणि तीन हातांवर गव्हाच्या, ज्वारीच्या कोठ्या, तुरीच्या डाळीचा पिंप, लोणच्याच्या बरण्या, कुरोड्या-सरगुंड्यांच्या वाळवणाचे डबे. खिडकी एकही नाही. भिंतींना कधीतरी गडद हिरवा ऑइल पेंट दिलेला. भरदुपारीसुद्धा बल्ब लावल्याशिवाय हात दिसत नसे, आणि लाइन गेली की टॉर्च.

हे सगळं लिहून ठेवते कारण मी सुरू केलं तेव्हा कुठून सुरुवात करायची, कोणाला विचारायचं, किती पैसे लागतील काहीच माहीत नव्हतं. मोबाइलवर शोधलं की शहरातल्या फ्लॅटची चकचकीत किचनं दिसायची, आपल्याकडच्या मातीच्या भिंतीचं, माकडांचं, मे महिन्यातल्या उन्हाचं त्यात काही नसायचं.

सुरुवात २०२४ च्या दिवाळीच्या चार दिवस आधी झाली. सासूबाईंना मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. त्या कोठीतून खाण्याचा सोडा आणायला गेल्या आणि डबा घेऊन चुलीपाशी आल्या, झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "अवं, हा सोडा असा काहून वास मारून राह्यला?" मी पाहिलं तर तो कपडे धुण्याचा सोडा होता. दोन्ही डबे सारखेच, एकाच फळीवर, शेजारी शेजारी. चिमूटभर पिठात पडायचाच बाकी होता. त्या दिवशी मी शंकरपाळे केलेच नाहीत, खोलीत बॅटरी घेऊन बसले आणि एकेक वस्तू बाहेर काढली. सगळ्यात खालच्या फळीवर, डाळीच्या पिंपामागे, कापसावर फवारायच्या औषधाची अर्धी बाटली निघाली. कोणी ठेवली, कधी ठेवली, कोणालाच आठवेना. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी आणि शेतमजूर गेले ते आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही, आणि आमच्या घरात ती बाटली डाळीमागे. माझे हातपाय गार पडले. बाटली त्याच संध्याकाळी शेतातल्या कोठ्यात नेऊन कुलपात ठेवली आणि ह्यांना सांगितलं की दिवाळीनंतर ही खोली बदलायची, कसंही करून.

पण लगेच हात लावता येत नव्हता कारण नोव्हेंबरात वेचणी सुरू झाली आणि कापूस त्याच खोलीत आला. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवतात, आणि कोठीच तेवढी मोठी. कोठ्या एका भिंतीला सरकवल्या आणि बाकी खोली छातीइतकी कापसानं भरली. तेव्हा म्हटलं ठीक आहे, बांधकाम नाही तर नाही, कागदपत्रं तरी करून घेऊ. हे फार बरं झालं, तुम्हीही आधी कागद करा, मिस्त्री नंतर बोलवा.

पहिला प्रश्न खिडकीचा. खोलीच्या तीन बाजूंना घरंच, फक्त पूर्वेला दोन घरांच्या मधात साडेतीन फुटांची बोळ आहे आणि बोळीपलीकडे काकाजींचं घर. काकाजी नात्यानं कोणी नाहीत पण चाळीस वर्षांचा शेजार. ह्यांनी सहज विषय काढला तर ते गप्पच झाले. दोन दिवसांनी स्वतः आले आणि ओसरीत बसून म्हणाले, "खिडकी कराले माही ना नाही, पण वीस वर्सानं तुमी म्हनान का उजेड आमचा हक्क हाये, मंग माह्या पोरानं तिकडं माळा चढवाचा म्हटला त कसा चढवाव?"

आम्हाला वाटलं उगाच अडवून राहिले. पण आर्वीला कोर्टाच्या कामाला गेलेल्या माझ्या भावानं तिथल्या एका वकिलांना विचारलं तर ते म्हणाले काकाजी बरोबर बोलतात. सुखाधिकाराचा कायदा आहे १८८२ चा, त्यात असं आहे की एखाद्या खिडकीतून वीस वर्षं विनाअडथळा, हक्कानं उजेड-हवा घेतली तर तो हक्क पक्का होतो आणि शेजाऱ्याला ती खिडकी बंद होईल असं बांधकाम करता येत नाही. त्यावर उपायही त्यांनीच सांगितला, लिहून द्या की ही खिडकी हक्कानं नाही, शेजाऱ्यांच्या परवानगीनं आहे. परवानगीनं घेतलेला उजेड हक्क बनत नाही. मला फार हायसं वाटलं, म्हणजे भांडण नव्हतंच, त्यांना फक्त भीती होती आणि ती खरी होती.

मग ५ जानेवारीला संध्याकाळी आमच्याच ओसरीत कागद लिहिला. त्यात काय काय लिहिलं ते सांगते कारण कोणाला लागेल: दोन्ही घरांचे ग्रामपंचायतीचे मालमत्ता क्रमांक, बोळीची रुंदी, झरोके किती आणि जमिनीपासून किती उंचीवर, झडप आतल्या बाजूला उघडेल म्हणजे बोळीत काही येणार नाही, आणि हे झरोके परवानगीनं आहेत, पुढं त्यांनी बांधकाम केलं तर आमची तक्रार राहणार नाही. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि दोन प्रती, एक त्यांच्याकडे एक आमच्याकडे. काकूंनी एकच अट घातली, त्यांची न्हाणी बोळीच्या बाजूला आहे म्हणून झरोका डोळ्यांच्या उंचीवर नको. मलाही तेच हवं होतं. सात फुटांवर दोन झरोके ठरले, प्रत्येकी अडीच फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. वरून येणारा उजेड खोलीत जास्त आतपर्यंत जातो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं.

ग्रामपंचायतीत मी एक साधा अर्ज दिला, मागच्या खोलीची दुरुस्ती करतो आहोत, क्षेत्रफळ वाढवत नाही, सोबत नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-नोंदीचा उतारा आणि शेजाऱ्यांच्या कागदाची झेरॉक्स. ग्रामसेवक आठवड्यातले ठरावीकच दिवस आमच्या गावी येतात, त्यामुळे दोन चकरा झाल्या. पोच घ्यायला विसरू नका, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवली आहे.

वीज हा दुसरा मोठा भाग. वायरमन भाऊ आले, बोर्ड पाहिला, बिल मागितलं. बिलावर मंजूर भार अर्धा किलोवॅट. त्यांनी बसून हिशेब केला, फ्रिज, कूलर, अर्ध्या एचपीची मोटर, मशीन, मिक्सर, आणि म्हणाले उन्हाळ्यात हे सगळं एका वेळेला चालू राहिलं तर भार कितीतरी वर जातो, वाढवून घ्या. भार वाढवायला गेलो तर कळलं मीटर अजून मामांजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे आधी नाव बदल, मग भार. नावासाठी मृत्यूचा दाखला, नमुना ८, ह्यांचं आधार, शेवटचं भरलेलं बिल, आणि बाकी वारसांची संमती. दोघी नणंदा, एक अमरावतीला आणि एक पांढरकवड्याला. अमरावतीची सही आठवड्यात झाली. पांढरकवड्याच्या ताईंकडे सोयाबीनचा आणि तुरीचा हंगाम, मग त्यांच्या सासऱ्यांचं दुखणं, सही यायला २६ दिवस गेले. कोणाचाच दोष नाही. पण ज्यांच्या घरी मीटर अजून वडिलांच्या, आजोबांच्या नावावर आहे त्यांनी हे काम नड नसतानाच करून घ्या, सगळी भावंडं दिवाळीला एकत्र येतात तेव्हाच सह्या घ्या.

अर्ज ऑनलाइन भरला, माझ्या पुतण्यानं मोबाइलवरूनच भरला. भारवाढीसाठी लायसन असलेल्या इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, नुसत्या वायरमनचा चालत नाही, हे आम्हाला दुसऱ्या फेरीत कळलं. मग कोटेशन, पैसे भरणं, आणि १९ फेब्रुवारीच्या आसपास काम झालं. जाण्यायेण्याच्या खर्चासकट नाव आणि भार मिळून २,९०० रुपये लागले.

दुसऱ्याच दिवशी, २० फेब्रुवारीला, कापूस गेला. खोली रिकामी झाली आणि मी पहिल्यांदा ती नीट पाहिली. मोरीच्या बाजूची भिंत कमरेपर्यंत ओली, ऑइल पेंटला फुगे आले होते, नखानं टोचलं की आत ओली माती. मिस्त्री म्हणाले हा पेंटच वैरी आहे, मातीच्या भिंतीला श्वास लागतो, वरून ऑइल पेंट मारला की आतली ओल बाहेर जात नाही. खाली काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, तिनंही भिंतीला दोन ठिकाणी तडे दिले होते. आणि या ओलीशेजारी आम्ही वर्षभराचं धान्य ठेवत होतो! दरवर्षी ज्वारीला सोंडे लागायचे, डाळीला जाळी धरायची, आम्ही धान्यातल्या कडुनिंबाच्या पाल्याला आणि नशिबाला दोष द्यायचो.

मिस्त्रींना मी म्हटलं उजेड पाहिजे तर ते म्हणाले, "ताई, एवढा उजीड कायले पायजे, दोन ट्यूब लावून देऊ ना." मी सांगितलं लाइन राहिली तर ट्यूब, आणि सासूबाई सकाळी दहा वाजता डाळ निवडतात तेव्हा नेमकी लाइन जाते. त्यांनी मग मनावर घेतलं. चांगला माणूस, पुढं त्यांनीच दोन-तीन गोष्टी अशा सुचवल्या की माझ्या डोक्यात आल्या नसत्या.

पैशांचं म्हणाल तर मी ४० हजार धरले होते. २० हजार बचत गटातून उचलले, महिना १ टक्का व्याज, दहा हप्ते, बाकी कापसातून. शेवटी खर्च गेला ६४ हजारांच्या जवळ. वरचे २४ हजार कुठं गेले त्यातलं काही पुढं येईलच.

सोमवारी ३ मार्चला काम सुरू केलं. मिस्त्री ७५० रोज, एक लेबर ५००, एक रेजा, म्हणजे बाई मजूर, ३५०. पहिले तीन दिवस नुसता ऑइल पेंट खरवडणं आणि ओला गिलावा काढणं. धूळ इतकी की स्वयंपाक ओसरीत केला. धुणं तेव्हा नदीवर नाही पण विहिरीवर न्यावं लागलं, रोज, महिनाभर, हे आधीच मनात धरून ठेवा, घरात लहान लेकरू असेल तर जास्तच.

पहिलं काम, पाणी आणि धान्य वेगळं करायचं. मोरी आणि कोठीच्या मधात विटांची भिंत घ्यायची ठरली, पण पूर्ण भिंत घेतली तर एकीकडचा उजेड दुसरीकडे जात नाही. मिस्त्रींनी सुचवलं पाच फुटांपर्यंत वीट आणि वर काच. आर्वीच्या भंगारवाल्याकडे ॲल्युमिनियमच्या जुन्या सरकत्या खिडकीच्या काचा मिळाल्या, त्या घट्ट बसवल्या. वाफ आणि ओल पलीकडे जात नाही, उजेड जातो. मोरीच्या बाजूला साडेतीन फुटांपर्यंत टाइल, फरशीला चार फुटांमागे एक इंच उतार, मिस्त्रींनी पाण्याची पातळी-नळी लावून दाखवला. मशीनचं पाणी आधी बोळीत जायचं, तेही काकाजींना नकोच होतं. आता पाइपनं मागच्या केळी आणि अळूला जातं. शोषखड्डा करावा का विचारलं तर मिस्त्री म्हणाले काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, पावसाळ्यात उलटं भरून येईल, म्हणून झाडांनाच सोडलं.

झरोक्यांसाठी भिंत फोडताना मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मातीची भिंत दीड फूट जाड. आधी वरती सागाचा जुना फाटा आडवा टाकला, टेकू दिला, मगच खालची माती सब्बलीनं काढली. उलटं केलं असतं तर वरचा भाग बसला असता. सागाचे फाटे आमच्याकडेच होते, समोरचं जुनं घर पाडलं तेव्हाचे, सासऱ्यांनी जपून ठेवलेले. पहिला झरोका उघडला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील, एक पट्टा सरळ पलीकडच्या भिंतीवर पडला आणि धूळ त्यात तरंगताना दिसली, रेजा काम थांबवून पाहत राहिली. सासूबाई दारात आल्या, काही बोलल्या नाहीत, हात उजेडात धरून पाहिला. एवढंच.

होळीला, १३ मार्चपासून चार दिवस काम बंद. मग छत.

छताला आधी कवेलू, म्हणजे मातीची कौलं होती. माकडं इतकी उड्या मारतात की दर पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागायचे, म्हणून पंधराएक वर्षांपूर्वी पत्रा टाकला आणि तेव्हाच खोलीतला होता नव्हता तो उजेड गेला. आता पत्र्यात पारदर्शक पट्टी बसवायची. दुकानात दोन प्रकार मिळतात, फायबरचा स्वस्त आणि पॉलिकार्बोनेटचा महाग. फायबरचा काही वर्षांत पिवळा पडतो आणि कडक होऊन तडकतो, शेजारच्या गोठ्यावर पाहिलेला होता, आणि माकडानं उडी मारली की संपला. मी पॉलिकार्बोनेट घेतला, त्यातही एकदम काचेसारखा नाही तर दुधी. दुधीतून ऊन पसरून येतं, चटका एका जागी पडत नाही. घ्यायला जाताना तुमच्या पत्र्याची नाळी, म्हणजे पन्हळ मोजून न्या, नाळी जुळली नाही तर जोडातून पाणी येणारच.

आणि पूर्ण पत्रा बदलू नका! मला आधी तसंच वाटलं होतं, जितका जास्त तितका उजेड. पण आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री, खोलीची भट्टी होईल आणि तेल, लोणचं, हळद सगळं खराब होईल. दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या पुरल्या, उत्तरेच्या उतारावर. उत्तरेकडे ऊन येत नाही म्हणतात पण विदर्भात ते पूर्ण खरं नाही, मे अखेरीला शून्य सावलीचा दिवस येऊन गेला की जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या जरा उत्तरेलाच असतो. म्हणून एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत पट्टीवर ग्रीन नेट टाकते, चार हुक आधीच लावून घेतले.

इथंच एक चूक झाली. या पत्र्याच्या एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असतो, तीच बाजू वर आली पाहिजे, तिच्यावर फिल्म चिकटवलेली असते आणि लिहिलेलं असतं. आमच्या माणसानं फिल्म आधीच सोलून टाकली आणि एक पट्टी उलटी बसवली. दुसऱ्या दिवशी फिल्मचे तुकडे जुळवून मी पाहिलं तेव्हा लक्षात आलं. काढून परत बसवली. त्या रात्री एक जोड उघडाच होता आणि अवकाळी आला, अर्धा तास धो धो, खोलीत सिमेंटच्या चार बॅगा होत्या त्यातल्या दोन गेल्या. पत्रा बसवून झाल्यावरच फिल्म काढायची, हे लक्षात ठेवा. आणखी दोन गोष्टी, स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं पाडायचं कारण उन्हानं हा पत्रा लोखंडापेक्षा जास्त वाढतो, घट्ट धरला तर भोकापासून तडा जातो, आणि खाली रबरी वायसर हवाच. आणि त्यावर कोणी पाय द्यायचा नाही, आडवी फळी टाकूनच चढायचं.

वायरिंगला ९,८०० लागले, यातले बरेच मी धरलेच नव्हते. मोरीत ओले हात आणि मशीन, म्हणून अर्थिंग नवीन केलं, प्लगला अडीच एमएमची वायर, लाइटला दीडची, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठं गळाली की लाइन आपोआप बंद करणारा स्विच. वायरमन भाऊ म्हणाले, "कायले लावता ताई, वारंवार पडते थे, मंग तुमीच म्हनसान काढून टाका." मी लावायलाच लावला. पहिल्या आठवड्यात खरंच तीनदा पडला. शोधलं तर मशीनच्या जुन्या वायरला उंदरानं कुरतडलेलं, तांबं उघडं दिसत होतं, त्या वायरला मी रोज ओल्या हातानं धरत होते. वायर बदलली, पडणं बंद झालं. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून पाहते, खटकन पडला म्हणजे नीट आहे. दोन २० वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या, एक मोरीत पाणी न शिरणारी, एक कोठीत फळ्यांच्या समोर, पाठीमागे नाही, नाहीतर आपलीच सावली डब्यांवर पडते.

रंग म्हणून चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवला, गाळला, थोडं मीठ आणि डिंकाचं पाणी घातलं म्हणजे कपड्याला लागत नाही, तीन हात. पण भिंत वाळायची वाट पाहावी लागली, १८ दिवस. पाडव्याला, ३० मार्चला, खोली व्हावी अशी फार इच्छा होती, नाही झाली. मिस्त्रींनी घाई करू दिली नाही आणि ते बरोबर होतं.

फळ्यांना मी दोन रात्री विचार केला असेल. आधी आमच्या फळ्या दीड फूट खोल होत्या, मागं गेलेली वस्तू मागंच राहायची, ती औषधाची बाटलीही अशीच राहिली. आता एक फूटच, एका रांगेत एकच डबा, सगळं एका नजरेत. मोरीच्या बाजूला कडप्पा, कारण लाकूड तिथं कुजतं, कोठीच्या बाजूला त्याच जुन्या सागाच्या फाट्यांतून सुतारानं फळ्या काढून दिल्या, त्याची मजुरी २,७००. फळ्या भिंतीला चिकटवल्या नाहीत, तीन इंच सोडले, आणि सगळ्यात खालची फळी जमिनीपासून नऊ इंच वर, खराटा जातो, आणि विंचू बसला तर दिसतो. वरची फळी किती उंच घ्यायची ते टेपनं नाही ठरवलं, सासूबाईंना उभं केलं आणि हात वर करायला लावला. त्यांच्या बोटांच्या खाली चार इंच, तिथं खूण.

धुण्याचा सोडा, पावडर, फिनेल, ॲसिड सगळं मोरीच्या बाजूला, भिंतीपलीकडे, झाकणावर लाल टेप. सासूबाईंना वाचता येत नाही आणि लाल टेपही अंधुक दिसते, म्हणून त्या डब्यांच्या झाकणाला सुतळीची गाठ बांधली. हाताला गाठ लागली की खायचं नाही. ही युक्ती त्यांचीच.

धान्य परत भरलं १२ एप्रिलला, सगळं कडक ऊन देऊन. वाळलं की नाही पाहायला एक सोपी पद्धत बचत गटाच्या ट्रेनिंगमधे सांगितली होती, कोरड्या काचेच्या बाटलीत थोडं कोरडं मीठ आणि मूठभर धान्य घालून हलवायचं, मीठ बाटलीला चिकटलं तर धान्य अजून ओलं आहे. तुरीच्या डाळीला एरंडीच्या तेलाचा हात, गव्हात वाळलेला कडुनिंबाचा पाला. गावात बरेच लोक धान्यात त्या विषारी गोळ्या ठेवतात, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हात जोडून सांगते, राहत्या घरात ठेवू नका. त्या हवेतल्या ओलाव्यानंच गॅस सोडतात, फॉस्फिन, आणि त्यावर उतारा नाही. आमच्यासारखी मोरी शेजारी असलेल्या खोलीत तर विचारही करू नका.

उन्हाळ्याचं वाळवण यंदा पहिल्यांदा मी डब्यात भरताना नीट पाहून भरलं. कुरोडीला बुरशीचा एक ठिपका होता तो दिसला. आधी तो दिसलाच नसता.

पाऊस जूनमधे आला. पहिल्या दोन सरींना काही नाही, तिसऱ्या मोठ्या पावसात पट्टीच्या एका स्क्रूतून थेंब थेंब गळायला लागलं, बरोबर ज्वारीच्या कोठीवर. वायसर तिरका बसला होता. कोठी सरकवली, खाली घमेलं ठेवलं, उघडीप मिळाल्यावर वायसर बदलून सिलिकॉन भरलं, ६० रुपयांचं काम. झरोक्याच्या जाळीतून मात्र तिरका पाऊस आत येतो, त्यावर फूटभराचा छज्जा पाहिजे होता आणि तो मी पैसे वाचवायला राहू दिला होता. आता छज्जा बोळीत पुढं येईल म्हणजे परत काकाजींना विचारावं लागेल. परवा विचारलं. ते म्हणाले, "कागदात लिहून टाका अजून एक वोळ, मंग करा." काकूंना त्यांच्या न्हाणीला आमच्या बाजूनं एक झरोका हवा आहे, तोही त्याच कागदावर लिहू म्हणाल्या. मिस्त्री पोळ्यानंतर मोकळे आहेत. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याची तारीख वर्ध्याच्या दवाखान्यात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याची मिळाली आहे, तोवर डाळ मीच निवडते असं मी म्हटलं तर त्या सकाळीच पाट घेऊन पट्टीखाली जाऊन बसल्या.